हाती काय आहे आणि काय करता येते

(मागच्या अंकात मानव विकास निर्देशांकावर एक टिपण आले होते. उत्पन्नापलीकडे आयुर्मान आणि शिक्षण मोजणारा हा निर्देशांक कसा बनतो आणि माणसाच्या हाती काय आहे याबरोबरच त्याला काय करता येते ते पाहणारा, त्यामागचा अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा ‘क्षमता-दृष्टिकोन’ काय सांगतो, याची त्यात थोडक्यात ओळख होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांबीसाठी आवरली आहेत, आशय तसाच ठेवला आहे.)

प्रश्न : मी तीस वर्षे बँकेत नोकरी केली. घरात पैसा आला की माणसे चांगले खातात, मुले शिकतात, आजारपणात दवाखाना परवडतो, हेच मी डोळ्यांनी पाहिले. मग दरडोई उत्पन्न पुरेसे का नाही? वेगळ्या निर्देशांकाची गरज काय?
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : आपण पाहिले ते खरेच आहे आणि निर्देशांकही ते नाकारत नाही, कारण त्याच्या तीन घटकांपैकी एक उत्पन्नच आहे. अडचण एवढीच आहे की पैसा हे साधन आहे, आणि साधनावरून साध्याचा अंदाज बांधू लागलो की फसगत होते. आपल्याच क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे तर खात्यावरची शिल्लक पाहून खातेदाराची प्रकृती कळत नाही. कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी आहे, तरीही तेथील माणसाचे सरासरी आयुष्य अमेरिकेतील माणसापेक्षा किंचित जास्तच आहे. त्या देशाने १९४१ पासून सामाजिक आरोग्य विम्याची व्यवस्था उभी करत नेली आणि १९४८ मध्ये लष्कर बरखास्त केले. पैसा आणि आयुष्य यांच्यामध्ये काय उभे आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

निर्देशांकाची जन्मकथा आपल्यासारख्या हिशेबी माणसाला आवडावी. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल १९९० मध्ये निघाला. त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र अमर्त्य सेन यांना माणसाचे सगळे जगणे एका आकड्यात बसवणे सुरुवातीला मान्य नव्हते. राष्ट्रीय उत्पन्नाचा एकच आकडा राज्यकर्त्यांच्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे, की तो हलवायचा तर तितकाच सुटसुटीत, पण माणसांकडे पाठ न फिरवणारा दुसरा आकडा द्यावा लागेल, असा हक यांचा आग्रह होता. अखेर सेन यांनी तो मानला. मला हक यांचे म्हणणे आजही पटते, कारण वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकच आकडा मावतो.

त्या आकड्यात जन्मतः अपेक्षित आयुर्मान, शिक्षणाची वर्षे आणि दरडोई राष्ट्रीय उत्पन्न अशा तीन गोष्टी येतात. उत्पन्न जसेच्या तसे न घेता त्याचा लॉगॅरिदम घेतात, म्हणजे गरिबाच्या हाती आलेल्या हजार रुपयांना श्रीमंताच्या हजारापेक्षा अधिक वजन मिळते. २०१० पासून तिन्ही घटकांची साधी सरासरी न काढता गुणोत्तरी सरासरी (तिघांच्या गुणाकाराचे घनमूळ) काढली जाते. त्यामुळे उत्पन्नात पुढे गेलेल्या देशाला आरोग्यातील उणीव पूर्वीइतक्या सहजपणे झाकता येत नाही. शून्य ते एक या मापात २०२५ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आहे आणि १९३ देशांत आपला क्रमांक १३० वा लागतो.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत समाजशास्त्र शिकवते. ‘क्षमता’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुले म्हणतात, क्षमता म्हणजे हुशारी. आमच्याकडे ‘अध्ययन क्षमता’ हा शब्द रोजचा असल्याने त्यांचेही चुकत नाही. सेन यांची क्षमता कशी समजावून सांगावी?
— शिक्षिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांनी नेमक्या अवघड जागी बोट ठेवले आहे. ‘क्षमता’ या प्रतिशब्दाने मराठीत बराच घोटाळा केला आहे, असे मलाही वाटते, कारण तो ऐकताच आपण माणसाच्या अंगात डोकावतो आणि सेन तर माणूस ज्या परिस्थितीत उभा आहे ती धरून बोलत असतात. पण जी गोष्ट या नामाने निसटते ती आपल्या एका साध्या क्रियापदात आहे. ‘तिला पोहता येते’ आणि ‘तिला रात्री एकटीने घरी जाता येते’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहा. दोन्हींत ‘येते’च आहे. पहिले ‘येते’ अंगचे कौशल्य सांगते. दुसरे मात्र रस्ता, दिवे, गाडीची वेळ, घरच्यांची परवानगी, गावाची नजर अशा अनेक गोष्टी जुळून आल्यावरच खरे ठरते. सेन यांची क्षमता म्हणजे हे दुसरे ‘येते’. मुलांना स्वतःच्या घरातली आणि गावातली अशी वाक्ये करायला सांगा, आणि ‘येत नाही’ची वाक्येही करायला सांगा. तास पुरणार नाही.

१९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानात सेन यांनी विचारले होते, की समानता हवी हे सगळेच म्हणतात, पण समानता कशाची? सर्वांना सारखा पैसा किंवा सारख्या वस्तू दिल्या तरी त्या वस्तूंचे जगण्यात रूपांतर सर्वांना सारखे करता येत नाही. सायकल हे या मुद्द्याचे आवडते उदाहरण झाले आहे. सायकल प्रत्येकाजवळ असू शकते, पण पाय अधू असलेल्याला तिच्यावरून कोठेही जाता येत नाही, आणि ज्या मुलीने सायकलवर बसणे घरात शोभत नाही तिलाही नाही. तेव्हा सायकल किती वाटल्या हा हिशेब अपुरा आहे. कोणाला कोठे जाता आले, तेही मोजावे लागते.

असे मोजलेले एक काम बिहारचे आहे. नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना तेथे २००६ मध्ये सुरू झाली. नंतर झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा परिणाम मुख्यतः माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत होता, म्हणजे जेथे अंतर हीच खरी अडचण होती तेथे. शिवाय एकट्या मुलीने सायकलवर जाणे आणि गावातल्या सगळ्याच मुलींनी घोळक्याने जाणे यांत फार फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात गावाची नजरच बदलते. आपल्याकडे मानव विकास मिशनने मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळेसाठी एसटीच्या निळ्या बसही सुरू केल्या. तुमच्या वर्गातील काही मुली त्यांनीच येत असतील. त्यांना विचारा, की शेवटची गाडी प्रयोगशाळेचा तास सुटण्याआधी निघते की नंतर? पास खिशात आहे आणि तास बुडतो आहे, तर पास हे साधन झाले आणि बुडालेला तास ‘येत नाही’ झाला.

हा विचार परदेशातून आला असे विद्यार्थ्यांना वाटू नये म्हणून महाडची गोष्ट अवश्य सांगा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता आणि तळ्यात पाणीही होते, तरी पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि न्यायालयातील लढाई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, १९३७ पर्यंत, चालली. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर मुलांना समजले की क्षमता-दृष्टिकोनातला बहुतेक भाग त्यांना समजला असे माना.

प्रश्न : गरिबाचे उत्पन्न आणि आयुर्मान दोन्ही वाढत असतील, तर श्रीमंताचे त्याहून जास्त वाढले म्हणून बिघडते कोठे? विषमतेची चर्चा म्हणजे मत्सराला दिलेले शास्त्रीय नाव आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.
— अभियंता, पुणे

उत्तर : प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. मत्सराचा प्रश्न असता तर मी आपल्याशी सहमत झालो असतो. पण सरासरी हा आकडा मुळात कोणाचेच आयुष्य सांगत नाही. २०१० पासून अहवालात विषमतेची वजावट केलेला निर्देशांकही दिला जातो. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न लोकसंख्येत किती असमान वाटले गेले आहेत, ते पाहून मूळ आकडा खाली आणतात. ही वजावट केल्यावर २०२५ च्या अहवालातील भारताचा ०.६८५ हा आकडा ०.४७५ वर येतो, म्हणजे ३०.७ टक्के घट होते. जो विकास आपण देशाच्या नावावर मांडतो त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा असमान वाटपाचा विचार करताच गळून पडतो.

आपल्या राज्यातही तेच आहे. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात महाराष्ट्राचा निर्देशांक ०.७५२ होता. मुंबईचा ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४. एकाच विधानसभेला आमदार पाठवणारे हे दोन भाग आहेत. नंदुरबार जिल्ह्याच्या आत पुन्हा सपाटीवरचा शहादा तालुका वेगळा आणि डोंगरातले धडगाव, अक्कलकुवा वेगळे. आणि एकाच घराच्या आतही दरी असतेच. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात हाच आकडा २००१ मध्ये ९१३ होता, तो २०११ मध्ये ८९४ वर आला. त्या दहा वर्षांत राज्याचे उत्पन्न भरपूर वाढले होते.

बिघडते कोठे, हा आपला नेमका प्रश्न होता. बिघडते ते आवाजात. ज्याचे बोलणे ऐकले जाते अशी माणसे सरकारी दवाखाना आणि जिल्हा परिषदेची शाळा सोडून निघून गेली, की तेथील डॉक्टरचे पद वर्षभर रिकामे राहिले तरी कोणी हलत नाही, कारण हलवू शकणाऱ्या माणसाचे मूल आता तेथे नसते. मागे राहिलेल्याचे उत्पन्न पूर्वीपेक्षा थोडे वाढलेलेही असेल, पण ते खासगी दवाखान्याच्या बिलाला पुरत नाही आणि सरकारी दवाखाना तर मधल्या काळात पोकळ झालेला असतो. वरच्याची वाढ अशा वाटेने खालच्याचे ‘करता येणे’ कमी करते, आणि म्हणूनच मी तिला मत्सराचा विषय मानत नाही.

प्रश्न : कोणत्या क्षमता महत्त्वाच्या, हे ठरवायचे कोणी?
— वाचक, पणजी

उत्तर : याबाबत या विचारातील दोन प्रमुख नावांतच मतभेद आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी दहा मूलभूत क्षमतांची यादी दिली आहे. पूर्ण आयुष्य जगणे, शरीर आपले असणे, विचार आणि भावना मोकळेपणी बाळगता येणे, इतरांशी सन्मानाने संबंध ठेवता येणे, खेळता-हसता येणे अशा गोष्टी तीत आहेत, आणि प्रत्येक राज्यघटनेने त्यांची किमान पातळी राखावी असे त्या म्हणतात. सेन यादी देत नाहीत. ती त्या त्या समाजाने खुल्या चर्चेतून ठरवावी, असे ते मानतात. माझा कल नुसबॉम यांच्याकडे आहे, कारण ज्या गावात काही जणांना चर्चेत बसताच येत नाही तेथे चर्चेतून निघालेली यादी त्यांची नसते. पण यादीत खेळणे-हसणे हवे, हे मला खुद्द नुसबॉम वाचेपर्यंत सुचले नव्हते, हेही सांगायला हवे.

प्रश्न : माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आईने पस्तिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढून घेतली. आमच्या वस्तीवरच्या कितीतरी बायकांनी काढली आहे. ती म्हणते, बरे झाले, कटकट मिटली, मी सुखी आहे. शहरातून येणारे लोक तिच्यावर अन्याय झाला म्हणतात. जिचे शरीर तिला काही तक्रार नाही, मग अन्याय ठरवणारे हे कोण? माझा राग आणि माझी शंका दोन्ही खरे आहेत.
— पदवीची विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : आपले पत्र दोनतीनदा वाचले. आपला राग रास्त आहे. आईला स्वतःचे बरेवाईट कळत नाही असे गृहीत धरून जो बोलतो, तो तिचा मान ठेवत नाही, आणि क्षमता-दृष्टिकोनाचा पायाच मुळी असा आहे की माणूस स्वतः निवड करणारा आहे. आता शंकेकडे वळतो.

बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडून गेल्यावर १९४४ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली होती. सेन यांनी तिचा उल्लेख अनेकदा केला आहे. तब्येत कशी आहे, असे विचारल्यावर जवळपास निम्म्या विधुरांनी ती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या होत्या अवघ्या अडीच टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवा विधुरांपेक्षा धडधाकट होत्या, असे कोणीही म्हणणार नाही. त्यांना आपले दुखणे हे दुखणे म्हणून मोजायची सवयच उरली नव्हती. त्या खोटे बोलत नव्हत्या. तक्रार करून काही मिळत नाही असे आयुष्यभर दिसले, की मन मागणेच कमी करते, त्याशिवाय दिवस जात नाहीत. म्हणून ‘सुखी आहेस का’ या प्रश्नाच्या उत्तरावर सेन थांबत नाहीत. समोर वाटा किती होत्या, हेही ते विचारतात.

आपल्या आईसमोर कोणत्या वाटा होत्या, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता, तरी इतर वाचकांसाठी लिहितो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा धरतात, त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो, आणि एकाचा खाडा म्हणजे पूर्ण कोयत्याचा खाडा. पहाटे उसाच्या फडात उतरायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. तिला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांत हे सगळे करताना पोटात दुखते, अंगावरून जाते, आणि उपचारासाठी गेलेल्या बाईला सांगितले जाते की पिशवी काढली की प्रश्न कायमचा सुटेल, नाहीतर कर्करोग होईल. चार महिने दुखण्याचे खाडे सोसायचे की एकदाच कर्ज काढून मोकळे व्हायचे, एवढाच हिशेब मग समोर राहतो. हा हिशेब आपल्या आईने बरोबर केला. निवड तिची होती. वाटा मात्र दुसऱ्यांनी ठरवून दिल्या होत्या.

२०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, तरी एवढा फरक पद्धतीने होत नाही. प्रत्येक बाईने स्वतंत्रपणे, आपखुशीने तोच निर्णय घेतला असता, तर तो फडावर जाणाऱ्या बायकांतच असा एकवटला नसता.

तेव्हा आईवर अन्याय झाला असे मला वाटते, पण तो तिच्या निर्णयात नाही. तो खाड्याच्या नियमात आहे, न्हाणी नसलेल्या कोपीत आहे आणि नवराबायकोला मिळून एकच कोयता मोजण्यात आहे. बाईचे काम त्या मोजणीत स्वतंत्रपणे दिसतच नाही, मग तिची रजा कोठून दिसणार? शस्त्रक्रियांवर देखरेख हवीच. पण नुसती देखरेख वाढवली आणि फड तसाच ठेवला, तर बाईची उरलेली एक वाटही जाते आणि दुखणे तसेच राहते. हंगामात पाळीचे दोन दिवस खाड्याविना धरणे, कारखान्याच्या तळावर न्हाणी-संडास बांधणे, फडावर फिरता दवाखाना येणे ही कामे तिच्यासमोर वाटा वाढवणारी आहेत. मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे नीट चालली, तर आपल्यानंतरच्या मुलींना कोयता हाती न घेण्याची वाटही राहील.

आता आपल्या शंकेसाठी एक सुचवतो. संध्याकाळी आई निवांत असेल तेव्हा, ती सुखी आहे का हे न विचारता, असे विचारा : ‘आई, तेव्हा खाडा धरत नसते, कोपीजवळ न्हाणी असती, आणि गोळ्या घेऊन पाहा म्हणणारी डॉक्टरीण तळावर येत असती, तरी तू पिशवी काढली असतीस का?’ ती ‘हो’ म्हणाली तर ते उत्तर तिचे आहे, आणि शहरातल्या माणसांनी ते ऐकून घ्यावे. ती काहीच न बोलता गप्प बसली, तर घाई न करता तिच्याजवळ बसा. आणि वाटले, तर ती काय म्हणाली ते तिला विचारूनच आम्हाला कळवा.